पांडुरता, पोट आणि 'ताप' नावाचा रकाना

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील खेड्यांमध्ये मृत्यूची माहिती गावकामगार पाटलामार्फत वर जात असे आणि तिच्यातला सर्वांत फुगलेला रकाना असे 'ताप' हा. विषमज्वर, हिवताप, बाळंतज्वर, कधीकधी क्षयही याच शब्दाच्या पोटात जाई. ही ढिलाई त्या काळच्या सरकारी अहवालांनीही कबूल केलेली आहे. आमचा मुद्दा थोडा निराळा आहे. सातव्या महिन्यात हिवतापाने गेलेली बाई नोंदीत 'ताप' एवढीच उरे. ती गर्भार होती, हे सांगायला तिथे जागाच नव्हती. तापात पोट पडले तर त्याची नोंद मुळीच नाही. आणि अपुऱ्या वजनाचे मूल जन्मून दहाव्या दिवशी गेले, तर तो मृत्यू तिसऱ्याच कुठल्या तरी रकान्यात. एकाच दुखण्याचे असे तुकडे झाल्यावर त्याचा इतिहास कोणत्या कागदात शोधायचा?

नातेपुत्याकडे पाहताना हा प्रश्न आम्हांला अधिक बोचतो. माउलींच्या पालखीच्या वाटेवरचे, माळशिरस तालुक्यातले हे गाव मूळचे पर्जन्यछायेतले. भाटघरचे धरण १९२०च्या दशकाअखेरीस पुरे झाले, नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी या तालुक्यात आले, आणि १९३०च्या दशकात माळीनगरला साखर कारखाना उभा राहिला. या बदलाविषयी लिहिले जाते ते उसाच्या, भांडवलाच्या, सहकाराच्या अंगाने, आणि ते योग्यच आहे. परंतु दख्खनच्या खेड्यांत हिवताप पसरवणारा प्रमुख डास, अ‍ॅनाफिलिस क्युलिसिफेसीज, स्वच्छ व संथ पाण्यात वाढतो. कालव्याचा पाझर, चाऱ्यांच्या कडेची डबकी, नदीपात्रातले खळगे, ही त्याची घरे. पाटाच्या पाण्यात उभी राहून काम करणारी बाई या इतिहासात जमाखर्चाच्या बाहेर राहिली.

साहित्याने तिला पाहिले का? पाहिले, पण वेगळ्या नजरेने. 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणा फिकी पडते, दागिने उतरवते, माती खाते. आणि कालिदासाला त्या फिकेपणात शोभा दिसते. आपल्याकडच्या डोहाळ्यांच्या वर्णनांतही मातीची ओढ कौतुकाने येते. आजचे वैद्यक माती खाण्याच्या इच्छेचा संबंध रक्तक्षयाशी, लोहाच्या कमतरतेशी जोडते. कवीला दोष देण्याचा हा प्रकार नव्हे. वर्गात आम्ही हा सर्ग शिकवतो तेव्हा उपमेपाशीच थांबतो, एवढेच नमूद करतो. ज्या समाजात पांडुरता हे गर्भारपणाचे लक्षणच ठरते, तिथे हिवतापाने रक्त आटलेली बाई आजारी दिसतच नाही. ती 'दिवस गेलेली' दिसते.

दडलेले हे दुखणे वैद्यकाला दिसले तेही एका कालव्याच्याच प्रदेशात. पनामाचा कालवा १९१४ साली खुला झाला. पुढच्याच वर्षी तिथल्या हर्बर्ट क्लार्क या विकृतिशास्त्रज्ञाने वारेतील रक्ताची तपासणी प्रसिद्ध केली. बोटातून घेतलेल्या रक्तात परोपजीवी तुरळक, पण वारेत त्यांची गर्दी. असे का, याचे उत्तर मिळायला १९९६ साल उजाडले. मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी दाखवले, की फॅल्सिपेरम जातीच्या परोपजीवीने बाधित झालेल्या तांबड्या पेशी वारेतील एका विशिष्ट रेणूला चिकटून बसतात. वार पहिल्या गर्भारपणापूर्वी शरीरात नसतेच. म्हणून जिथे हिवताप बारमाही आहे, तिथे पहिलटकरणीला तो सर्वाधिक छळतो. दख्खनसारख्या, लाटांनी हिवताप येणाऱ्या मुलखात मात्र प्रतिकारशक्ती पुरती मुरत नाही, आणि दुसरे-तिसरे बाळंतपणही सुरक्षित राहत नाही.

मुंबईत हा गुंता सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने मातामृत्यूंची चौकशी सुरू होती. तिच्यासाठी १९२८ साली ल्युसी विल्स आल्या आणि हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गरीब, कष्टकरी गर्भवतींमधील तीव्र पांडुरोगाचे कारण त्यांनी जंतूंत शोधले, मग आहारात. अखेर यीस्टच्या स्वस्त अर्काने, म्हणजे मार्माइटने, या बायका बऱ्या होतात असे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज दवाखान्यात गर्भवतीला मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर तो असतो. हिवतापात तांबड्या पेशी फुटतात, नव्या घडवताना फॉलिक आम्ल अधिक खर्ची पडते. म्हणजे उपासमार आणि ताप यांचे भांडण नव्हते, भागीदारी होती. विल्स यांचे नाव मराठी पाठ्यपुस्तकांत आले असते तर बरे झाले असते.

औषध नव्हते असे नाही. कोयनेल पोस्टातसुद्धा विकले जाई. पण त्याने पोट पडते ही धास्ती घरांत होती, तशी डॉक्टरांतही होती. योग्य मात्रेतील कोयनेलपेक्षा अंगात चढलेला तापच गर्भाला अधिक घातक, हे पुष्कळ उशिरा रुळले. दरम्यान १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला, डीडीटीने रुग्णसंख्या १९६०च्या दशकात सुमारे एक लाखावर उतरली, आणि १९७६ मध्ये ती पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. या प्रसिद्ध आकड्यांतही गर्भवती वेगळ्या काढलेल्या दिसत नाहीत.

एक पेच तर आजही आहे. व्हायवॅक्स जातीचा परोपजीवी यकृतात दडून राहतो. त्याला तिथून काढणारे प्रायमाक्विन गर्भारपणात देता येत नाही. क्लोरोक्विनने तेवढ्यापुरता ताप उतरवायचा आणि समूळ उपचार बाळंतपणानंतरवर टाकायचा. बाई बाळंतपणाला माहेरी येते, तिथल्या आरोग्यकेंद्रात तिचा ताप नोंदला जातो, आणि काही महिन्यांनी ती मुलाला घेऊन सासरी, दुसऱ्या तालुक्यात निघून जाते. तिचे राहिलेले औषध कोणत्या गावच्या नोंदवहीत लिहायचे?