गिरणीची भिंत आणि स्टेशनचा जिना

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर, संगमनेर किंवा अकोले तालुक्यातील जुन्या घरांत चौकशी केली, तर ‘आमचे आजोबा मुंबईला गिरणीत होते’ हे वाक्य हमखास कानी पडते. आजोबा लालबाग-परळला राहत आणि गिरणीत पायी जात. त्यांच्या गिरणीच्या जागी आज चाळीस-पन्नास मजली मनोरे आहेत. मनोऱ्यात काम करणारा नातू लोकलने येतो, आणि स्थानकापासून मनोऱ्यापर्यंतचे शेवटचे अर्धा किलोमीटर त्यालाही पायीच तुडवावे लागते. हा धागा त्या अर्ध्या किलोमीटरच्या इतिहासाचा आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या वाटेवर २३ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणून तो सावकाश वाचावा, ही विनंती.

आरंभ दुष्काळापासून करावा लागतो. नगरचा मोठा भाग पर्जन्यछायेत. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खनमधील हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. त्याच दुष्काळाच्या काळात उभा राहिलेला दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि नगर शहर रेल्वेच्या नकाशावर आले. दौंडला किंवा मनमाडला गाडी बदलली की मुंबई. तिकडे १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली होती, आणि १८५६ पासून तेथे सूत निघू लागले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात पोहोचली. कोकणातून, साताऱ्याहून आणि नगर-पुण्याच्या कोरडवाहू गावांतून माणसे येत राहिली. घाटावरून आलेल्यांना मुंबईने ‘घाटी’ हे नाव दिले. ते कौतुकाने दिलेले नव्हते, हे सांगायला नकोच.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. गिरणगावातून दोन रेल्वेमार्ग जातात. पूर्वेकडचा जी.आय.पी. रेल्वेचा, म्हणजे आजची मध्य रेल्वे, पश्चिमेकडचा बी.बी.सी.आय. रेल्वेचा, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे. परळच्या परिसरात हे दोन मार्ग एकमेकांना अगदी खेटून धावतात. चिंचपोकळी, करी रोड, परळ ही एका बाजूची स्थानके. लोअर परळ, एल्फिन्स्टन रोड ही दुसऱ्या बाजूची. इतकी स्थानके इतक्या जवळ असूनही गिरणी कामगार प्रायः रेल्वेचा प्रवासी नव्हताच. १९२५ च्या सुमाराच्या एका अभ्यासात असे आढळले होते की सुमारे नव्वद टक्के गिरणी कामगार कामाच्या ठिकाणापासून पंधरा मिनिटांच्या चालीच्या अंतरात राहतात.

यामागे हौस नव्हती. बदली कामगाराला रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावे लागे. जॉबरने हाक मारली तर काम, नाहीतर परत खोलीवर. रेल्वेचा पास काढून दुरून येणे त्याला परवडणारेच नव्हते. म्हणून दारापासून पंधरा मिनिटांच्या आत चाळ, चाळीत एकेका खोलीत दहा-बारा माणसे, कोपऱ्यावर खाणावळ, गावकऱ्यांचा गाळा, तालीम, भजनी मंडळ. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळीही वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथेच उभ्या राहिल्या. भोंगा वाजला की रस्ते माणसांनी भरत, पाळी सुटली की उलट दिशेने पुन्हा भरत. नगररचनेचे विद्यार्थी आज ‘चालत जाण्याजोगे शहर’ म्हणून ज्याचे गोडवे गातात, ते मुंबईत एकदा प्रत्यक्षात होते. दारिद्र्याने ते घडवले होते, म्हणून त्याची कोणी चित्रे काढली नाहीत.

या भूगोलात गिरणीची भिंत महत्त्वाची. प्रत्येक गिरणीभोवती उंच दगडी कुसू, आत येण्या-जाण्यासाठी मोजकीच दारे. माल चोरीला जाऊ नये आणि संपाच्या वेळी दार बंद करता यावे, यासाठी ही रचना सोयीची होती. एकेका गिरणीचे आवार अनेक एकरांचे. त्यातून आरपार वाट नाही. त्यामुळे गिरणगावात रस्ते थोडे आणि भिंती लांब. कामगाराला त्याची अडचण नव्हती, कारण त्याला भिंतीच्या आतच जायचे असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्याची कहाणी स्वतंत्र धाग्याची आहे, येथे तिच्यात शिरत नाही. आपल्या विषयापुरता परिणाम एवढाच: गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि मुंबई बेटाच्या मध्यभागी ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन पुन्हा वापरासाठी मोकळी होण्याची वेळ आली. आणि हे सारे दोन उपनगरी रेल्वेमार्गांच्या कुशीत. जगातील फार थोड्या महानगरांच्या वाट्याला अशी संधी आली असेल.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने एक सूत्र घालून दिले. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास झाला, तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तुकड्यातुकड्याने परवानग्या न देता साऱ्या जमिनींचा एकत्रित आराखडा करावा, असा तिचा आग्रह होता. एकत्रित आराखडा म्हटले की भिंती ओलांडून जाणारे रस्ते आले, स्थानकापुढची मोकळी जागा आली, चालणाऱ्याची सलग वाट आली. अहवाल झाला, पण त्याची अंमलबजावणी झाली नाही.

२००१ मध्ये नियम बदलला गेला. वाटणी संपूर्ण जमिनीची करायची नाही, केवळ इमारती नसलेल्या रिकाम्या जमिनीची करायची, असा त्याचा अर्थ झाला. गिरणीचे आवार तर शेडांनीच भरलेले! महापालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला काय उरणार? बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला; मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले होते. जुपिटर गिरणी २७६ कोटी रुपयांना गेली, मुंबई टेक्सटाइल मिल ७०२ कोटींना. हे आकडे त्या वर्षी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होते. स्थानकाच्या जिन्याचे काय, हा प्रश्न कोणत्याच पानावर नव्हता.

परिणामी मनोरे उभे राहिले ते जुन्या कुसवांच्या आतच. चिमण्या गेल्या, शेड गेल्या, भिंत राहिली. जमीन एकेका मालकाची, आराखडा एकेका आवाराचा, आणि तळमजल्यांवर बहुमजली वाहनतळ. एका मनोऱ्यातून शेजारच्या मनोऱ्यात चालत जायचे, तर बहुधा मुख्य रस्त्यावर येऊन वळसा घ्यावा लागतो. सेनापती बापट मार्ग हा तो मुख्य रस्ता. जुनी माणसे त्याला अजूनही तुळशी पाइप रोड म्हणतात, कारण तुळशी तलावाची जलवाहिनी या वाटेने आली होती. पाण्यासाठी आखलेल्या वाटेवर हजारो नोकरदारांचा लोंढा येऊन पडला.

लोंढ्याची दिशाही बदलली होती. पूर्वी माणसे चहूबाजूंच्या चाळींतून गिरणीकडे येत, त्यामुळे गर्दी अनेक गल्ल्यांत विभागली जाई. आता डोंबिवली, ठाणे, विरार, बोरिवली येथून सारे लोकलने येतात, सकाळच्या दोन तासांत, आणि उतरतात एकाच जिन्यावर. मध्य रेल्वेचा प्रवासी परळला उतरतो. त्याची कचेरी पश्चिमेला, एल्फिन्स्टन रोडच्या पलीकडे. दोन्ही मार्ग ओलांडायला त्याच्यापुढे मुख्यतः एक अरुंद पादचारी पूल. या पुलाच्या एका टोकाला मध्य रेल्वे, दुसऱ्या टोकाला पश्चिम रेल्वे, खाली उतरले की महापालिका, आणि त्यापुढे खाजगी आवार. चालणारा चार हद्दींतून जातो. त्याची संपूर्ण वाट मात्र एकाही कार्यालयाच्या नकाशावर नव्हती. रुंद पूल हवा, अशी पत्रे स्थानिक खासदारांनी रेल्वेला लिहिली होती. मंजुरीपर्यंत गोष्टी पोहोचल्याही होत्या.

२९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, सकाळी साडेदहाचा सुमार. अचानक जोराचा पाऊस आला. उतरणारे लोक पावसात बाहेर पडेनात, जिन्यावर थबकले. मागून येणाऱ्या गाड्या आणखी माणसे ओतत राहिल्या. त्या जिन्यावर चेंगरून आणि गुदमरून २३ जणांचा मृत्यू झाला. घटनेचे कारण ‘पाऊस’ असे अहवालात नोंदले गेले. तांत्रिकदृष्ट्या ते चूक म्हणता येणार नाही. परंतु मुंबईत पाऊस हा अपघात नसतो, आणि हा पाऊस ज्या जिन्यावर पडला त्या जिन्याला पंचवीस वर्षांचा इतिहास होता, हे या धाग्यापुरते तरी नोंदवून ठेवू. पुढे बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, जवळच्याच कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ जण मरण पावले.

दुर्घटनेनंतर जे वर्षानुवर्षे झाले नव्हते ते काही महिन्यांत झाले. सरकारने थेट लष्कराला पाचारण केले. बॉम्बे सॅपर्सच्या जवानांनी एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली येथे पादचारी पूल उभारले. एल्फिन्स्टनचा पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. युद्धभूमीवर पूल टाकणाऱ्या तुकडीने नोकरदारांना कचेरीत पोहोचवण्यासाठी पूल टाकावा, यावर तेव्हा बरीच टीकाही झाली. जुलै २०१८ मध्ये स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. त्याच महिन्यात अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, जुन्या पुलांच्या तपासण्या सुरू झाल्या, आणि लोअर परळचा डिलाइल पूल बंद करण्यात आला. तो पूर्णपणे पुन्हा खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले.

सायकलीविषयी थोडेसे. वांद्रे-कुर्ला संकुलात रंगवलेले सायकल मार्ग आखले गेले आणि त्यांवर मोटारी उभ्या राहिल्या. परळच्या मनोऱ्यांभोवती तेवढेही झाले नाही. तरीही या भागात वर्षानुवर्षे नेमाने सायकल चालवणारा एक वर्ग आहे: डबेवाले. १८९० पासूनची ही परंपरा. मावळ, खेड, जुन्नरप्रमाणेच आपल्या अकोले तालुक्यातील माणसेही त्यात आहेत. घर ते स्थानक सायकल, मग लोकलचा मालडबा, मग पुन्हा सायकल किंवा हातगाडी. स्थानक आणि दार यांच्यामधल्या वाटेचा इतका बारकाईने अभ्यास दुसऱ्या कोणी केला असेल, असे वाटत नाही. गल्ली कोणती, जिना कोणता, कोणत्या वेळी कुठे गर्दी, हे त्यांना तोंडपाठ असते. आराखडे करणाऱ्यांनी त्यांना कधी विचारले का, हा प्रश्न वाचकांवर सोडतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा शंभराहून अधिक वर्षे जुना रस्तापूल वाहतुकीसाठी बंद करण्यात आला. शिवडी–वरळी जोडरस्त्यासाठी त्या जागी दुमजली पूल व्हायचा आहे. परळहून प्रभादेवीला चालत जाणाऱ्यांनी रुळांवरून पलीकडे जायला आता रेल्वेच्या पादचारी पुलांचे जिने धरले आहेत.