आणलेले खेळाडू, घडविलेला संघ

बार्शीसारख्या गावातील महाविद्यालयाने बाहेरचे खेळाडू प्रवेश देऊन आणले, तर फुटबॉलचा संघ उभा राहील काय? उत्तरासाठी आम्ही इतिहासाकडे वळतो. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, तो शिक्षकी पेशातून आलेल्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या शिकवणीच्या बळावर. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी ठिकठिकाणचे खेळाडू त्यांनीच एका सूत्रात ओवले. मूळ गोव्याचे, मुंबईत खेळणारे नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. भारत ४-२ असा विजयी झाला व अखेर चौथा आला. खेळाडू आणता येतात. संघ मात्र घडवावा लागतो. घडविणारा गुरू नसेल, तर आणलेली मुले परीक्षेनंतर निघून जातात आणि गावची मुले कुंपणाबाहेरच उभी राहतात.