किमया म्हणजे काय? लोखंडाचे सोने का होत नाही?

भंडारा रोड हे रेल्वे स्थानक ज्या गावात आहे, त्या वरठीत पोलादाचा कारखाना आहे. तांबूस लोहखनिजापासून चकाकणारे पोलाद तयार होते, हे पाहून कोणीही त्याला किमया म्हणेल. पण जुन्या किमयागारांना वेगळेच हवे होते. तांबे, शिसे, लोखंड यांसारख्या धातूंचे सोने करणे, हा त्यांचा ध्यास होता.

शब्द आणि परंपरा

'किमया' हा शब्द अरबी 'कीमिया'वरून आला. भारतात या विद्येला रसविद्या म्हणत. 'रस' म्हणजे पारा. तिचे हेतू दोन होते : धातूचे सोने करणे आणि शरीर निरोगी व दीर्घायुषी करणे. 'रसार्णव' आणि 'रसरत्नसमुच्चय' हे तिचे प्रसिद्ध संस्कृत ग्रंथ. विदर्भात रामटेकजवळच्या टेकडीशी रससिद्ध नागार्जुनाचे नाव लोकपरंपरेने जोडले आहे. लोखंडाला लागताच त्याचे सोने करणारा परीस मराठी संतकथांतही भेटतो.

काम कसे चाले?

हिंगूळ तापवून त्यातून पारा काढत. स्वेदन, मर्दन, पातन अशा संस्कारांनी तो शुद्ध करत. पारा आणि गंधक खलात घोटून काळी कज्जली बनवत. मूषा म्हणजे धातू वितळवण्याची मूस. पातनयंत्रात पाऱ्याची वाफ करून ती पुन्हा थंड करत. ऊर्ध्वपातनाने जस्त मिळवण्याची कृतीही 'रसरत्नसमुच्चया'त आहे.

सोने का झाले नाही?

लोहखनिजात लोह आधीपासूनच असते. भट्टीत त्याच्याशी जोडलेला ऑक्सिजन तेवढा वेगळा होतो. सोने हे मात्र स्वतंत्र मूलद्रव्य आहे. त्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात, पाऱ्याच्या ८० आणि लोहाच्या २६. भट्टीच्या उष्णतेने ही संख्या बदलत नाही. ती बदलता येते हे रदरफर्ड यांच्या १९१९ मधील नायट्रोजनवरच्या प्रयोगाने दिसले. १९८० मध्ये अमेरिकेत ग्लेन सीबॉर्ग यांच्या गटाने बिस्मथपासून सोन्याचे अणूही मिळवले. पण ते इतके थोडे होते, की खर्चापुढे त्यांची किंमत नगण्य ठरली.

फसवणूक कशी होते?

पाऱ्यात सोने विरघळते. हे मिश्रण तांब्याला चोळून तापवले, की पारा उडून जातो आणि सोन्याचा पातळ थर मागे राहतो. मुलामा देण्याची ही जुनी रीत आहे. भोंदू तिलाच 'सिद्धी' म्हणून खपवू शकतो. वरवरची कस अशा वेळी फसवते, खोल ओरखडा काढला की आतले तांबे दिसते. पाऱ्याची वाफ मेंदू आणि मूत्रपिंडांना घातक असते, म्हणून हा प्रयोग घरी कधीही करू नये. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

सोने हाती लागले नाही, तरी गाळणे, उडवणे, वितळवणे आणि शुद्ध करणे या कृती मात्र टिकल्या. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आजही त्यांवर चालते.