पोवाडा : ऐकण्याचें वाङ्मय

सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव हें १८१८ च्या प्रसिद्ध लढाईचें कोरेगांव नव्हे. तें भीमेच्या कांठीं, पुणें प्रांतांत. हें कृष्णेच्या खोऱ्यांतील, साताऱ्याच्या पूर्वेस असलेलें तालुक्याचें ठिकाण. या मुलुखांत जत्रेच्या रात्रीं डफावर थाप पडली कीं लोक गोळा होत, आणि शिवकालाचा इतिहास बहुतेकांस ग्रंथांतून नव्हे, तर शाहिरांच्या व गोंधळ्यांच्या मुखांतून कळे. 'वाङ्मय' या शब्दाच्या पोटांतही वाणीच आहे, लेखणी नाहीं.

पोवाडा म्हणण्याची रीत ठरलेली असते. शाहीर डफ घेऊन पुढें उभा राहतो. मागें तुणतुणें व झांज घेतलेले झीलकरी 'जी जी' करीत चरणाचें टोक उचलून धरतात. झील ही केवळ शोभा नव्हे. तेवढ्या अवकाशांत शाहिराला दम घेतां येतो, पुढचा चरण आठवतां येतो, आणि ऐकणाराच्या मनांत मागचा चरण ठसतो. मधून मधून कथा गद्यांत सांगितली जाते. सरदारांची नांवें, शस्त्रें, फौजेची कूच यांचीं वर्णनें थोड्या फरकानें पुन्हां पुन्हां येतात. वाचणारास तीं कंटाळवाणीं वाटतात. गाणारास तीं जिन्यावरील कठड्यासारखीं उपयोगी पडतात.

युगोस्लाव्हियांतील गायकांचा अभ्यास मिल्मन पॅरी या अमेरिकन पंडितानें १९३३ ते १९३५ च्या सुमारास केला. त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड यानें १९६० सालीं ग्रंथ लिहून असें दाखविलें कीं, ते गायक काव्य पाठ करीत नाहींत. ठराविक पदसमूहांच्या आधारें गातां गातां तें रचतात. हा सिद्धांत पोवाड्यास जसाच्या तसा लावणें योग्य नव्हे. पोवाड्याला कर्ता असतो, तो अखेरीस आपलें नांव गोंवतो, आणि शिष्य त्याची रचना पाठ करतात. तथापि पाठ केलेल्या चरणांतही गाणारा श्रोते पाहून भर घालतो, कांहीं गाळतो.

प्रतापगडचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा. त्यावरील अगिनदासाचा पोवाडा उपलब्ध जुन्या पोवाड्यांत अग्रगण्य होय. त्यांत अफझलखानास 'अबदुलखान' म्हटलें आहे. 'अफझल' हा किताब आणि अब्दुल्ला हें मूळ नांव, हें ध्यानीं घेतां शाहिराचें ऐकणें पक्कें होतें असें दिसतें.

तुळशीदासाच्या सिंहगडच्या पोवाड्यापाशीं मात्र खरी अडचण येते. तानाजी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं पडला, हें निश्चित. परंतु रायबाचें लग्न, घोरपड, शेलारमामा हा जो संभार प्रत्येक मराठी मुलाच्या मनांत भरला आहे, तो मुख्यतः या पोवाड्यानें पुरविला. 'सिंहगड' हें नांव तानाजीच्या मरणामुळें पडलें, ही समजूतही टिकत नाहीं. तें नांव त्याआधींच्या पत्रांत आढळतें. म्हणून शाहिरास खोटा ठरवावें काय? तसें करणें अन्यायाचें होईल. उघड्यावर बसलेल्या शेतकऱ्यांना रात्रभर खिळवून ठेवणें हें त्याचें काम होतें. घरचें लग्न मोडून स्वारीवर जाणें म्हणजे काय, हें त्या श्रोत्यांस कोणी समजावून सांगावयास नको होतें. तारखेसाठीं पत्रें व शकावल्या पाहाव्या. लोकांनीं तो पुरुष कसा जतन केला, हें पाहावयास पोवाडाच हवा.

हॅरी ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं हे पोवाडे मिळवून १८९१ सालीं छापले. पुढें १९२८ सालीं यशवंत नरसिंह केळकरांचा संग्रह निघाला. या उद्योगानें मोठा ठेवा वांचला. मात्र कागदावर शब्द आले, झील आली नाहीं; डफ नाहीं, आवाजाचा चढउतार नाहीं. त्यामुळें सुशिक्षितांस हे चरण ओबडधोबड वाटले, कांहींनीं छंदोदोषही काढले.

छापखाना आला तरी तोंडचा पोवाडा थांबला नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८६९ सालीं शिवाजीमहाराजांवर पोवाडा रचून छापला. प्रतिसरकारच्या काळांत, म्हणजे १९४३ ते १९४६ मध्यें, जुन्या सातारा जिल्ह्यांत शाहिरांनीं हीच रीत नव्या विषयांसाठीं वापरली. शाळिग्रामांच्या पुस्तकांतील चरणही एकानें म्हणावे व दुसऱ्यानें झील धरावी, म्हणजे छापील पानावर भासणारी मात्रांची ओढाताण बरीचशी नाहींशी होते.