इंदूरचा सराफा: कोणत्या महिन्यात काय खायचं आणि चांगलं कसं ओळखायचं

इंदूरचा सराफा बाजार दिवसा सोन्या-चांदीचा असतो आणि रात्री खाण्याचा. राजवाड्याच्या मागच्या बाजूला ही चिंचोळी गल्ली आहे. आठ-साडेआठच्या सुमारास पेढ्यांची शटर खाली येऊ लागतात आणि त्याच पायऱ्यांसमोर कढया, तवे, परातींची मांडामांड सुरू होते. गर्दी रात्री एक-दोनपर्यंत हटत नाही. रात्री गल्लीत वर्दळ राहिली तर दुकानांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीच एकेकाळी खाद्यविक्रेत्यांना इथे बसू दिलं, असं गावात सांगितलं जातं.

बाहेरून येणारा पाहुणा साधारणपणे एकच यादी हातात घेऊन येतो: पोहे-जिलबी, दहीवडा, खोबरा पॅटिस, मावा बाटी. ही यादी चुकीची नाही, पण अपुरी आहे, कारण सराफ्याचे सगळ्यात चांगले पदार्थ बारमाही नाहीत. बेळगावचा कुंदा कधीही गेलं तरी मिळतो. इथल्या गराडूचं तसं नाही. मे महिन्यात गराडू मागणाऱ्याला दुकानदार हसून शिकंजीकडे बोट दाखवेल.

महाराष्ट्रातून, बेळगावहून किंवा गोव्यातून येणाऱ्याने आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, ती म्हणजे महिन्यांचा घोळ. माळव्यात महिना पौर्णिमेला संपतो, मराठी पंचांगात अमावस्येला. त्यामुळे इंदूरच्या दुकानावर 'सावन स्पेशल'ची पाटी लागते तेव्हा आपल्या दिनदर्शिकेत अजून आषाढाचा कृष्णपक्ष चालू असतो. इथला सावन आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होऊन राखीपौर्णिमेला संपतो. मराठी घरांचा श्रावण पंधरा दिवस उशिरा लागतो आणि पिठोरी अमावस्येपर्यंत चालतो. सण मात्र तेच दिवस धरून येतात. राखी, गणेशचतुर्थी, दिवाळी यांत काही फरक नाही. फरक पडतो तो उपवासात. होळकरांची राजधानी १८१८ नंतर महेश्वरहून इंदूरला आली आणि तेव्हापासून मराठी वस्ती इथे पक्की रुजली. हिंदी शेजाऱ्यांचे सोमवार आणि मराठी घरांचे सोमवार जोडले की उपवासाच्या पदार्थांचा हंगाम इथे जवळजवळ दीड महिन्याचा होतो.

याचा सरळ फायदा साबुदाण्याच्या खिचडीला झाला आहे. इंदूरची खिचडी पुण्या-कोल्हापूरच्या खिचडीसारखी तुपात परतलेली नसते. भिजवलेला साबुदाणा उकळत्या पाण्याच्या वाफेवर मोकळा ठेवतात. गिऱ्हाईक आलं की द्रोणापुरता काढून त्यात दाण्याचं कूट, उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, लिंबू, मसाला आणि वरून फराळी चिवडा घालून कालवून देतात. तेल-तूप जवळपास नाही, त्यामुळे गरम आहे तोवरच ती खावी. गार झाली की तिचा गोळा होतो. उपवास खराखुरा असेल तर विक्रेत्याला आधीच सांगावं, कारण बिनउपवासाच्या गिऱ्हाइकाला वरून बेसनाची शेव टाकण्याची इथे सवय आहे. न सांगता शेव पडली तर भांडण घालण्यात अर्थ नाही. इंदुरात शेव न घालणं हेच अपवादाचं.

पोह्यांचीही तीच तऱ्हा. पोहे मराठ्यांबरोबर माळव्यात आले असं इथे सर्रास मानलं जातं, पण आता त्यांनी माळव्याचं रूप घेतलं आहे. बडीशेप, किंचित साखर, खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, वरून शेव, कांदा आणि जिरावन. शेजारी जिलबी. काही ठिकाणी पोह्यांवर तिखट उसळ ओतून 'उसल पोहा' देतात. हा शब्द ज्याने पाटीवर पहिल्यांदा लिहिला त्याचं घर बहुधा मराठी असणार! पोहे हा सकाळचा पदार्थ आहे, रात्रीच्या सराफ्यात त्यासाठी पोट अडवू नये.

आता पावसाळ्याचा मुख्य पदार्थ: भुट्ट्याचा कीस. कोवळी मक्याची कणसं किसणीवर किसायची, तुपात मोहरी, हिंग, हिरवी मिरची यांची फोडणी द्यायची, कीस परतायचा आणि दूध घालून मंद आचेवर आटवायचा. वरून लिंबू, कोथिंबीर, खोबरं. कृती दोन ओळींची असली तरी वेळ खाणारी आहे. कढईच्या तळाला कीस सतत लागतो, म्हणून एक माणूस उलथनं घेऊन त्याच कामाला अडकतो. हल्ली बारा महिने मिळणाऱ्या स्वीट कॉर्नचा कीस कुठेकुठे दिसतो. तो पाणचट आणि नुसता गोड लागतो, कारण त्या दाण्यात आटल्यावर धरून ठेवणारा पिठूळपणा नसतो. जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान, देशी कणसं समोर रचलेली आणि किसणी चालू असलेली दिसली तर तिथेच थांबावं. फेब्रुवारीतला कीस सोडून दिला तरी चालतो.

श्रावणात मिठाईच्या दुकानांत घेवर येतो. तो राजस्थानकडचा, तीज आणि राखीचा. मराठी घरांत त्याचं फारसं अप्रूप नाही. गणपतीत मोदक-लाडू सगळीकडेच. पण अनंत चतुर्दशीची रात्र इंदूरचीच खास. कापड गिरण्यांच्या कामगारांनी काढलेल्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे देखावे, रात्रभर मिरवतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, इतर गिरण्याही एकेक करून थंडावल्या, तरी कामगारांनी वर्गणी आणि मदत गोळा करून ही मिरवणूक चालू ठेवली आहे. त्या रात्री खाण्याच्या गाड्यांना उसंत नसते. खायचं असेल तर मिरवणुकीच्या आधी खाऊन घ्यावं. गर्दीत तेलाचा घाणा घाईघाईने काढला जातो आणि पदार्थ आत कच्चा राहतो.

कोजागिरीला मोठ्या कढईतलं आटीव केशरी दूध सुरू होतं, ते थंडीभर चालतं. आणि दिवाळीच्या आसपास येतो गराडू.

गराडू हा कंद आहे, आपल्या कोनफळाचा भाऊबंद. बडोद्याच्या वाचकांना तो उंधियूतल्या रताळूवरून लगेच कळेल. मात्र गुजरातीत 'रताळू' म्हणजे कोनफळ आणि मराठीत 'रताळं' म्हणजे गोड कंद, हे ध्यानात ठेवावं, नाहीतर बाजारातून भलतंच घरी यायचं. गराडू कच्चा सोलला तर हाताला खाज सुटते, म्हणून सोलणारे हाताला तेल लावतात. तुकडे करून ते दोनदा तळतात: पहिल्यांदा आतून शिजेपर्यंत, दुसऱ्यांदा गिऱ्हाईक समोर उभं असताना वरून कुरकुरीत होईपर्यंत. मग लिंबू आणि जिरावन. जिरावन म्हणजे भाजलेलं जिरं, धणे, बडीशेप, हिंग, सुंठ, आमचूर, काळं मीठ, लाल मिरची असा कोरडा मसाला. इंदुरात तो पोह्यांपासून काकडीपर्यंत सगळ्यावर पडतो, पण त्याची खरी जोडी गराडूशी.

गराडूचा हिशेब करून पाहिला तर हा पदार्थ टिकला आहे याचंच नवल वाटतं. कंद बटाट्यापेक्षा महाग, साल जाड असल्याने वजनात तूट, सोलायला वेगळा माणूस, दोनदा तळण्याचं तेल आणि गॅस, आणि विक्री जेमतेम चार महिने. त्याच जागेवर मोमो किंवा नूडल्स लावले तर माल बारा महिने मिळतो, कारागीर स्वस्त आणि नफा ठरलेला. सराफ्यात अशा गाड्या गेल्या काही वर्षांत वाढल्या त्याचं कारण लोकांची चव बिघडली एवढंच नाही. कारण या आकड्यांत आहे. दुसरीकडे, अरुंद गल्लीत गॅस सिलिंडर आणि वाढती गर्दी यांचा धोका दाखवत सराफ व्यापाऱ्यांनी अलीकडे या खाऊगल्लीला विरोध सुरू केला. तेव्हा चर्चा येऊन थांबली ती पारंपरिक दुकानं कोणती आणि नंतर घुसलेली कोणती, यावर. म्हणजे कीस, गराडू, मालपुवा विकणाऱ्याचा इथला हक्क त्याच्या पदार्थावरून ठरू पाहतो आहे. ज्याने धंद्यासाठी गराडू सोडून नूडल्स धरले, त्याची मात्र यात पंचाईत आहे.

संक्रांतीच्या दिवसांत खजराना गणपतीच्या देवळात तिळ चतुर्थीची जत्रा भरते आणि तिळगुळाच्या लाडवांचा मोठा नैवेद्य होतो. माळव्यात ही माघातली चतुर्थी, मराठी पंचांगात तीच पौष वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी. ग्वाल्हेरकरांसाठी हे दिवस गजकचे. तीळ आणि गुळाचा गोळा लाकडी हातोड्यांनी कुटून त्याचे खुसखुशीत पदर काढतात. शेजारच्या मुरैनाच्या गजकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. इंदूरच्या दुकानांत गजक मिळते, पण ती बहुतेक तिकडूनच येते. सराफ्यातली थंडीची आणखी एक गोष्ट म्हणजे मटार कचोरी. ओला मटार बाजारात आहे तोवरच ती घ्यावी, नंतर आत काय भरलं असेल सांगता येत नाही.

चांगली गाडी ओळखायची कशी? 'जिथे गर्दी तिथे चांगलं' हा नियम सराफ्यात फारसा चालत नाही, कारण गर्दी आता व्हिडिओ बघूनही होते. हवेत द्रोण उडवून दहीवडा देणारं जोशींचं दुकान प्रसिद्ध आहे आणि वडाही चांगला आहे, पण त्या करामतीची नक्कल करणाऱ्या प्रत्येकाचा वडा तसा असेलच असं नाही. त्यापेक्षा एक-दोनच पदार्थ विकणारा माणूस शोधावा. वीस पदार्थांची पाटी म्हणजे बरंच काही आधीच करून ठेवलेलं. कढईकडे बघावं: तेल काळपट, चिकट, फेस धरणारं आणि धुरकट असेल तर पुढे व्हावं. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात घातक घटक वाढतात. ते २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरू नये असा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. गाडीवर प्राधिकरणाचा १४ अंकी नोंदणी क्रमांक असावा. तो चवीची हमी देत नाही, पण तक्रार करायची वेळ आली तर उपयोगी पडतो.

मिठाईत लक्ष ठेवायचं ते माव्यावर. राखी आणि दिवाळीला मागणी दुधापेक्षा जास्त होते आणि भेसळ तिथेच शिरते. चांगला मावा बोटांवर चोळला की तूप सुटतं आणि दुधाचा वास येतो. घरी थोडा मावा पाण्यात उकळून, गार करून त्यात आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर पिष्ट, म्हणजे पीठ मिसळलेलं आहे. चांदीचा वर्ख बोटांत चोळला की नाहीसा होतो. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्याचे कण किंवा गोळ्या राहतात. सराफांच्या गल्लीत निदान एवढी पारख गिऱ्हाइकाने करायला हरकत नाही. सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लिहिण्याचा आदेश १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. पाटी नसेल तर विचारावं. विचारल्यावर कपाळाला आठ्या पडल्या तर उत्तर मिळालंच.

ज्यांना रात्री जागणं जमत नाही त्यांच्यासाठी न्यू पलासियातलं छप्पन दुकान आहे. नावाप्रमाणे छप्पन दुकानांची रांग, मोकळी जागा, वाहनांना बंदी, आणि प्राधिकरणाचा 'क्लीन स्ट्रीट फूड हब' हा दर्जा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर तेच सोयीचं. तिथला खोबरा पॅटिस, म्हणजे बटाट्याच्या आवरणात ओल्या खोबऱ्याचं सारण, आवर्जून खावा. कोकणी-गोवेकर मंडळींना समुद्रापासून इतक्या दूर नारळ असा वापरलेला बघून गंमत वाटेल.

होळीनंतर पाचव्या दिवशी, रंगपंचमीला, राजवाड्यासमोर 'गेर' निघते. रंगांच्या तोफा, पाण्याचे टँकर आणि लाखांची गर्दी. त्या दिवशी दुपारपर्यंत या भागात खाण्याचा विचार करू नये. घरोघरी गुजिया आणि पुरणपोळी एकाच ताटात असतात, तेव्हा ओळखीचं घर असेल तर तिकडेच जावं.

त्यानंतर गराडूच्या कढया निघतात आणि शिकंजीची भांडी लागतात. इंदूरची शिकंजी लिंबाचं सरबत नव्हे. आटवलेलं दूध, थोडं आंबट दही, साखर, केशर, वेलची आणि सुकामेवा घालून केलेलं ते दाट पेय आहे, श्रीखंड पातळ केल्यासारखं. एक पेला दोघांत पुरतो.