वणव्याच्या वाटेवरची घरे

आम्ही सरकारी वसाहतीत राहणारे. छप्पर सरकारचे, भिंतीही सरकारच्या. तेव्हा घराच्या विम्याची चिंता वाहण्याचा प्रसंग आमच्यावर आजवर आलेला नाही. तथापि दिवसभर कागदांशीच गाठ असल्यामुळे एका ओळीच्या पत्राने एखाद्या कुटुंबाची घडी कशी विसकटते, हे आम्ही जाणतो. कॅलिफोर्नियात डोंगरउतारांवर व अरण्यांच्या कडेला राहणाऱ्या हजारो कुटुंबांना गेल्या काही वर्षांत असे पत्र आले आहे : मुदत संपल्यावर आपल्या विम्याचे नूतनीकरण होणार नाही. तेथील कायद्याप्रमाणे ही सूचना ७५ दिवस आधी द्यावी लागते. तेवढ्या अवधीत दुसरी कंपनी न मिळाल्यास संकट केवळ आगीचे राहत नाही. कर्ज देणाऱ्या संस्था विम्यावाचून घर तारण घेत नाहीत, आणि ज्या घरावर कर्ज मिळत नाही त्याला गिऱ्हाईकही सहसा मिळत नाही. घर उभेच असते, पण त्याचे मोल जळून जाते.

हे कसे घडले ते समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १६६६ च्या अग्निप्रलयात लंडनमधील तेरा हजारांवर घरे भस्मसात झाली. त्यानंतर १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन याने घरांचा आगीचा विमा उतरण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे विमा कंपन्यांनी स्वतःचे बंबवाले पदरी ठेवले आणि विमा उतरलेल्या घरांवर ओळखीसाठी धातूचे बिल्ले ठोकले. त्या व्यवहारात दोन तत्त्वे होती. पहिले असे की, घर जळू नये यातच घरमालकाचे आणि कंपनीचेही हित होते. दुसरे असे की, निरनिराळ्या ठिकाणच्या, निरनिराळ्या जोखमीच्या अनेकांनी थोडेथोडे द्यावे, म्हणजे ज्या थोड्यांवर आपत्ती कोसळेल त्यांचे नुकसान भरून निघेल. विमा म्हणजे आपत्तीचे निवारण नव्हे. ती वाटून घेण्याचा तो करार होय.

कॅलिफोर्नियात या दुसऱ्या तत्त्वाला तडा गेला तो विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात. ६ नोव्हेंबर १९६१ रोजी लॉस एंजेलिसच्या बेल एअर या श्रीमंत वस्तीत वणवा शिरला. छपरे लाकडी फळकुटांची; वाऱ्यावर उडालेल्या ठिणग्यांनी ४८४ घरे गिळली. पुढे ऑगस्ट १९६५ मध्ये त्याच शहरातील वॉट्स या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वस्तीत दंगल उसळून जाळपोळ झाली. एकीकडे झुडपांनी वेढलेल्या टेकड्या, दुसरीकडे शहरातील दरिद्री मोहल्ले. दोहोंकडे विमा मिळणे दुरापास्त झाले. १९६७ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी न्यू जर्सीचे गव्हर्नर ह्यूज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विमा नाही तेथे कर्ज नाही, आणि कर्ज नाही तेथे वस्ती सुधारण्याची आशा नाही, असा तिच्या अहवालाचा आशय होता. १९६८ मध्ये काँग्रेसने कायदा केला आणि त्याच वर्षी ‘कॅलिफोर्निया फेअर प्लॅन’ अस्तित्वात आला.

ही योजना सरकारी नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. राज्यात मालमत्तेचा विमा विकणाऱ्या सर्व कंपन्यांचा तो सक्तीचा संघ आहे. ज्याला कोठेही थारा नाही त्याने तेथे जावे. मात्र आग, धूर, वीज अशा मोजक्या आपत्तींपुरतेच संरक्षण मिळते. चोरी वा अन्य नुकसानीसाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. हा शेवटचा आसरा तात्पुरता असावा, अशी अपेक्षा होती.

१९८८ मध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन १०३’ संमत केले. दर वाढविण्यापूर्वी विमा आयुक्ताची अनुमती आवश्यक ठरली आणि आयुक्तपद लोकनियुक्त झाले. ग्राहकांना याचा दीर्घकाळ लाभ झाला. परंतु वणव्याचा दर मागील अनुभवावरून ठरवावा, भविष्याच्या अंदाजावरून नव्हे, असा पुढे नियम राहिला. आणि भविष्य तर भूतकाळासारखे राहिले नाही. १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर २५ माणसे दगावली. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पॅराडाइज हे गाव जवळजवळ नामशेष झाले. ८५ बळी गेले आणि १८ हजारांवर इमारती जळाल्या. त्यात एक लहान विमा कंपनीही बुडाली. त्याच वर्षीच्या कायद्याने, आणीबाणी घोषित झालेल्या वणव्याच्या परिसरात एक वर्षपर्यंत नूतनीकरण नाकारण्यास मनाई झाली. वर्ष सरले की पत्रे पुन्हा निघत. मे २०२३ मध्ये राज्यातील सर्वांत मोठ्या कंपनीने, स्टेट फार्मने, घरांच्या नव्या पॉलिसी देणे थांबविले. फेअर प्लॅनमधील पॉलिसी २०२० ते २०२४ या काळात दुपटीहून अधिक झाल्या.

येथेच या इतिहासाचे मर्म आहे. विमा चालतो तो भिन्न जोखमींच्या मिश्रणावर. धोक्यातील घरे वेचून एकाच पेटीत घातली, तर त्या पेटीला विमा म्हणावे तरी कसे? जानेवारी २०२५ मध्ये पॅलिसेड्स व ईटन या वणव्यांत १६ हजारांवर इमारती नष्ट झाल्या, तेव्हा फेअर प्लॅनला कंपन्यांकडून एक अब्ज डॉलर्सची वर्गणी मागावी लागली. त्यातील निम्मा भार कंपन्यांना राज्यभरच्या विमेदारांवर टाकण्याची मुभा मिळाली. जी आपत्ती कोणी वाटून घेऊ इच्छीत नव्हते, ती अखेर वाटून घ्यावीच लागली. फक्त फार उशिरा.

अलीकडे नियम बदलले. भविष्याच्या गणितावर दर आकारण्यास अनुमती मिळाली, आणि मोबदल्यात कंपन्यांनी धोक्याच्या भागांत अधिक पॉलिसी द्याव्यात असे ठरले. २०२२ च्या नियमांनी, भिंतीलगतची पाच फूट जागा ज्वलनशील वस्तूंपासून मोकळी ठेवणाऱ्यास, न पेटणारे छप्पर घालणाऱ्यास हप्त्यात सवलत देणे बंधनकारक केले. तथापि हे सारे करणाऱ्यास विमा दिलाच पाहिजे, असे बंधन त्या नियमांत नाही. आपले अंगण साफ असून शेजाऱ्याचे वाळलेले कुंपण पेटले, तर ठिणगी अंगण मोजत बसत नाही.

आपल्यापैकी कित्येकांची मुले-भाचरे आज त्या राज्यात घरे घेऊन राहिली आहेत. लंडनच्या भिंतींवरील तो बिल्ला एवढेच सांगत असे की, हे घर जळू नये अशी मालकाखेरीज आणखी कोणाची तरी इच्छा आहे. ती इच्छा परत जागी झाल्यावाचून, केवळ हप्ता वाढवून वा कमी करून, ते ७५ दिवसांचे पत्र यायचे थांबणार नाही.