शिरपूरची स्मिता पाटील: पावसातल्या गाण्यापलीकडचे तिचे सिनेमे

नंदुरबारच्या मिरची पथाऱ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे दृश्य नवीन नाही. हिवाळ्यात उघड्या मैदानात लांबच लांब लाल मिरची वाळत घातलेली असते आणि डोक्याला, तोंडाला फडकं बांधून बाया त्यात काम करत असतात. अवकाळी पाऊस आला की व्यापाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ठसका लागतो, मग दिवसभर त्यात बसणाऱ्यांचं काय होत असेल!

अशाच मिरचीवर आणि मिरची कुटणाऱ्या बायकांवर हिंदीत एक जबरदस्त सिनेमा आहे, 'मिर्च मसाला'. त्याची नायिका खानदेशातली होती. तिच्या वडिलांचं गाव शिरपूर. आज नंदुरबार आणि धुळे हे दोन वेगळे जिल्हे आहेत, पण ही विभागणी झाली 1 जुलै 1998 ला. त्याआधी नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा हे सगळं धुळे जिल्ह्यातच होतं. म्हणजे स्मिता पाटील हयात होती तोवर नंदुरबारकरांसाठी ती आपल्याच जिल्ह्याची पोरगी होती.

सोशल मीडियावर मात्र स्मिता पाटील म्हटलं की बहुतेक वेळा एकच रील फिरताना दिसतं, 'नमक हलाल'मधलं अमिताभसोबतचं पावसातलं गाणं. गाणं वाईट आहे असं नाही. पण तेवढ्यावर स्मिता कळत नाही, हेही तितकंच खरं.

स्मिताचा जन्म 17 ऑक्टोबर 1955 चा, पुण्यातला. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे स्वातंत्र्यसैनिक, सहकार चळवळीतले नेते आणि पुढे राज्यात मंत्री. 2013 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आई विद्याताई परिचारिका आणि समाजकार्यात रमणारी. घरात चळवळीची चर्चा असायची, सिनेमाची नाही. 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि काही काळाने स्मिता तिथे मराठी बातम्या वाचू लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा प्रसिद्ध आहे. बातम्या वाचणारा हाच चेहरा श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरला.

तिकडे मुंबईत ती बातम्या वाचत होती त्याच काळात इकडे शहाद्यात वेगळंच काही घडत होतं. सावकार आणि बड्या जमीनदारांकडे गेलेल्या जमिनींसाठी आदिवासी शेतमजूर उभे राहिले होते. अंबरसिंग महाराज हे त्यातलं मोठं नाव. 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली आणि थोड्याच दिवसांत भिल्ल बायकांनी दारूविरोधात मोर्चा उघडला. गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. महाराष्ट्रातल्या स्त्री चळवळीचा इतिहास लिहिताना शहाद्याचं नाव टाळता येत नाही. स्मिताचा या आंदोलनाशी थेट संबंध नव्हता. पण तिने ज्या बायका पडद्यावर उभ्या केल्या, त्यांच्यासारख्या बायका तिच्याच जिल्ह्यात रस्त्यावर उतरल्या होत्या.

यात पहिली ठळक भूमिका 'मंथन'मधली बिंदू. साल 1976. गुजरातच्या खेड्यात दूध सहकारी संस्था काढायला शहरातून डॉक्टर राव येतो, म्हणजे गिरीश कर्नाड. दूध तपासायला मागणाऱ्या या शहरी माणसावर बिंदूचा काडीचा विश्वास नसतो. तो विश्वास हळूहळू कसा बसतो आणि गावातलं राजकारण, जात आणि दूधसम्राट मिळून त्याचं काय करतात, हा सिनेमाचा गाभा. गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये काढून हा सिनेमा उभा केला. क्राऊडफंडिंग हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट!

पुढच्याच वर्षी मराठीत 'जैत रे जैत' आला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. गोष्ट रायगडातल्या ठाकर समाजाची. स्मिताची चिंधी नवरा आवडत नाही म्हणून त्याला सोडते आणि ढोल वाजवणाऱ्या नाग्यावर उघडपणे जीव टाकते. तिला त्याची लाज वाटत नाही आणि सिनेमाही तिला त्याची शिक्षा म्हणून वागवत नाही. आदिवासी बाई म्हणजे एकतर बिचारी नाहीतर नाचणारी, अशी सवय लागलेल्या पडद्यावर हे नवीन होतं.

'आक्रोश' (1980) याच्या अगदी उलट. गोविंद निहलानी यांचा पहिला सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं. लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर बायकोच्या खुनाचा आरोप आहे आणि तो तोंडातून एक शब्द काढत नाही. ही बायको नागी म्हणजे स्मिता. तिच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आहेत, तेही भूतकाळातले. पण गावातल्या बड्या लोकांनी तिच्यावर काय अत्याचार केला हे कळल्यावर ओम पुरीच्या गप्प बसण्याचा अर्थ लागतो आणि पुढचा सिनेमा बघवत नाही. अभिनेत्री म्हणून नाव झालेलं असताना इतकी छोटी भूमिका घ्यायला वेगळी हिंमत लागते. सत्यजित राय यांच्या 'सद्गती'तली झुरियाही अशीच, कमी वेळाची पण विसरता न येणारी.

पुरस्कारांच्या दृष्टीने पाहिलं तर सगळ्यात मोठं नाव 'भूमिका' (1977). मराठी अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो आधारलेला आहे. उषा ही नटी एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जात राहते आणि प्रत्येक ठिकाणी तिला नवं कुंपण दिसतं. अमरीश पुरींच्या वाड्यात तर तिला सगळं मिळतं, फक्त बाहेर पडायची परवानगी नसते. कोवळी मुलगी ते थकलेली बाई हा प्रवास स्मिताने बाविशीच्या आसपास केला आणि पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

दुसरा राष्ट्रीय पुरस्कार 'चक्र'साठी. जयवंत दळवींची कादंबरी, मुंबईची झोपडपट्टी, आणि तिथे मुलाला वाढवणारी अम्मा. या सिनेमाची जाहिरात करताना तिच्या अंघोळीचं दृश्य पोस्टरवर वापरलं गेलं आणि तिने त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. दृश्य सिनेमात योग्य होतं, कारण झोपडीत आडोसाच नसतो. तेच भिंतीवर चिकटवलं की त्याचा अर्थ बदलतो. आजच्या थंबनेलच्या जमान्यात हा वाद आणखी सहज समजावा.

मराठी प्रेक्षकांच्या मनात मात्र पहिला नंबर बहुधा 'उंबरठा'चाच लागेल. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. चांगल्या घरातली सुलभा महाजन महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून नोकरीला जाते. नवरा दुष्ट नाही, सासर छळत नाही, मुलगीही आहे. तरी ती जाते. इथेच 1982 चा प्रेक्षक अडखळला असणार आणि आजचाही अडखळतो. सुधारगृहात भ्रष्टाचार आहे, बाहेरून दडपण आहे, आणि परत आल्यावर घरही पूर्वीचं राहिलेलं नाही. स्मिता स्वतः मुंबईतल्या विमेन्स सेंटरच्या कामाशी जोडलेली होती, त्यामुळे सुलभा तिला बाहेरून शिकावी लागली नसेल.

'अर्थ', 'बाजार', 'मंडी', 'अर्धसत्य', मृणाल सेन यांचा बंगाली 'आकालेर संधाने', अरविंदन यांचा मल्याळम 'चिदंबरम'... यादी लांब आहे आणि त्यातला प्रत्येक सिनेमा वेगळ्या लेखाचा विषय आहे. 1985 मध्ये तिला पद्मश्री मिळाली.

आता पुन्हा मिरचीकडे. केतन मेहता यांचा 'मिर्च मसाला' इंग्रजी राजवटीतल्या गुजरातमध्ये घडतो. सुभेदाराची, म्हणजे नसीरुद्दीन शाहची, नजर सोनबाईवर पडते. ती त्याच्या कानाखाली वाजवते आणि पळत जाऊन मिरचीच्या कारखान्यात शिरते. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ, म्हणजे ओम पुरी, दार लावून घेतो. यानंतरची खरी झुंज सुभेदाराशी कमी आणि गावाशी जास्त आहे. एका बाईसाठी सगळ्यांनी का मरायचं, तिला देऊन टाका, असं गाव म्हणतं. आत अडकलेल्या बायकाही आधी तेच म्हणतात. मग त्यांचं मत कसं बदलतं आणि शेवटी मिरची काय काम करते, हे इथे सांगण्यापेक्षा पाहिलेलं बरं. 2013 मध्ये फोर्ब्सने भारतीय सिनेमातल्या 25 सर्वोत्तम अभिनयांची यादी केली, त्यात स्मिताची सोनबाई आहे.

हा सिनेमा स्मिताने प्रदर्शित झालेला पाहिला नाही. 28 नोव्हेंबर 1986 ला तिला मुलगा झाला, प्रतीक. त्यानंतर बाळंतपणातली गुंतागुंत वाढत गेली आणि 13 डिसेंबरला ती गेली. वय होतं 31. 'मिर्च मसाला' 1987 मध्ये आला.

तिचा 'निशांत' 1976 मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात स्पर्धेत होता. 2024 मध्ये त्याच कानमध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त करून नवा केलेला 'मंथन' दाखवला गेला, तेव्हा नसीरुद्दीन शाह यांच्यासोबत प्रतीकही तिथे होता. त्यानंतर ही नवी प्रत भारतातल्या थिएटरांतही लागली.

यातला एकही सिनेमा पाहिला नसेल तर सुरुवात 'मिर्च मसाला'ने करा, तो पहिल्या दहा मिनिटांत पकडतो. 'उंबरठा' घरच्यांसोबत बसून बघा, नंतरचं भांडण धरून. 'आक्रोश' मात्र रात्री उशिरा लावू नका.